नेपाळहून कुकरी आणायची आहे? आधी खिशात कानस ठेवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचे एक गृहस्थ दिवाळीनंतर अन्नपूर्णा बेस कॅम्पला निघालेत. येताना काठमांडूहून ‘ओरिजिनल गोरखा कुकरी’, म्हणजे गोरख्यांचा तो वाकडा सुरा, आणायची, दापोलीजवळच्या दोन एकरांत रान साफ करायला वापरायची, अधूनमधून ट्रेकला न्यायची आणि आवड टिकली तर पुढे संग्रहही करायचा असा त्यांचा बेत आहे. ओरिजिनल कशी ओळखायची आणि विमानात आणू देतात का, असं त्यांनी विचारलंय.

मी पूर्व नेपाळात, अरुण नदीच्या खोऱ्यात, जलविद्युत प्रकल्पांच्या सर्व्हेवर सहा वर्षं होतो. आमचं निम्मं काम म्हणजे टोटल स्टेशनला, म्हणजे मोजणीच्या यंत्राला, समोर धरलेला प्रिझम दिसावा म्हणून रानातून लाइन कापत जाणं. उत्तिस-चिलाउनेची झाडं, निगालो नावाचा बारीक बांबू, वरून पाऊस आणि पायाला जळवा. रोज आठ-दहा कुकऱ्या चालायच्या, त्यातली एक माझी. आता मी गुहागरकडे बाग बघतो आणि भिंतीवर अकरा कुकऱ्या आहेत, त्यातल्या दोनच कामाच्या. तेव्हा जे सांगतो ते हाताने केलेलं आहे. इतिहासाचा अभ्यासक मी नाही.

‘ओरिजिनल’ हा शब्द मात्र आधी सोडा. ठमेलच्या, म्हणजे काठमांडूतल्या पर्यटकांच्या बाजाराच्या, प्रत्येक दुकानात ती ओरिजिनलच असते. तुमच्या एका प्रश्नात खरं तर दोन वस्तू आहेत. एक राबायची, दुसरी जपायची. जपायची कुकरी जुनी असते, तिची मूठ हललेली असते, तिच्यावर कुणाची तरी खूण असते, आणि तिने बांबू तोडणं म्हणजे आजीच्या नऊवारीने फरशी पुसणं. राबायची कुकरी नवी आणि साधी असावी आणि मोडली तर फार वाईट वाटू नये. दोन्ही एकाच पात्यात शोधायला गेलात तर सिंहाचं पितळी तोंड असलेली, आरशासारखी चकचकीत वस्तू गळ्यात पडते. माझ्याही पडली होती. पहिल्याच महिन्यात मनगटाएवढ्या उत्तिसच्या फांदीवर तिची धार अशी वळली की नखाने सरळ करता आली असती.

असं का होतं हे कळलं की खरेदी सोपी जाते. खेड्यातल्या कुकरीचं लोखंड बहुतेक वेळा जुन्या ट्रकच्या कमानपाट्याचं असतं. आपला लोहारही कोयत्याला तेच वापरतो. म्हणजे माल उत्तमच, फरक पडतो तो पाणी देण्यात, म्हणजे तापलेलं पातं पाण्याने थंड करून कडक करण्यात. आपल्याकडे लोहार पात्याला पाणी देतो, तिकडे कामी ‘पाइन’ घालतो. शब्दसुद्धा भाऊभाऊच. भोजपूरच्या चढावर एका आरनात, म्हणजे लोहाराच्या भट्टीवर, मी हे काम अर्धा दिवस बसून पाहिलं. भात्याने फुलवलेल्या कोळशात पातं लाल झालं, तिथल्या कामी दाइंनी (दाइ म्हणजे दादा) ते चिमट्यात उलटं धरलं, धार वर आणि पाठ खाली. मग चहाची असते तशी किटली उचलली आणि तोटीतून करंगळीपेक्षा बारीक धार नेमकी पात्याच्या पोटावर, म्हणजे जिथे ते सगळ्यात रुंद होतं तिथे, पुढे-मागे फिरवली. चर्र आवाज, वाफ, की थांबले. पात्यावर फिकट पिवळसर रंग चढत येताना डोळे बारीक करून बघितला, पुन्हा चार थेंब. पाठीला पाण्याचा स्पर्श नाही. आख्खं पातं बुडवायचं नाही, यातच सगळी मेख आहे. त्यामुळे धारेचं पोट कडक होतं, पाठ चिवट राहते, आणि टोक व मुठीजवळचा भाग मऊ राहतो. घाव बसतो पोटाने, धक्का पितं पाठ. सगळं पातं सारखंच कडक केलं तर थंडीत वाळक्या लाकडावर ते तडकेल, आणि सगळंच मऊ ठेवलं तर माझ्या सिंहमुखी कुकरीसारखं वळेल.

हे दुकानात तपासायचं कसं? खिशात छोटी तीनधारी कानस ठेवा. दुकानदाराची परवानगी घेऊन (हे महत्त्वाचं, नाहीतर ओरडा खाल) धारेच्या पोटावर कानस अगदी हलकी फिरवा. ती काचेवरून घसरल्यासारखी सरकली पाहिजे. मग मुठीजवळच्या खाचेच्या पुढे फिरवा. तिथे ती किंचित ‘धरली’ पाहिजे. दोन्हीकडे धरली तर पातं कच्चं आहे. दोन्हीकडे सरकली तर सगळंच कडक केलंय, जपून. कानस बघूनच दुकानदाराचा चेहरा पडला, तर बहुतेक वेळा कानस फिरवायची गरजच उरत नाही.

नंतर पाठीवरून एक डोळा मिटून बघा, पातं सरळ रेषेत आहे का. मुठीची दोन टोकं पकडून पिळायचा प्रयत्न करा, कुईं झाली तर नको. बहुतेक कुकऱ्यांत पात्याची शेपटी मुठीच्या आतून जाऊन मागच्या टोकाला ठोकून बसवलेली असते. काहींत मात्र पातं मुठीएवढंच रुंद राहतं आणि दोन्ही बाजूंनी लाकडाच्या पट्ट्या खिळ्यांनी जोडलेल्या असतात. तिला पानावाल म्हणतात. कामासाठी दोन्ही चालतात. पानावाल जड पडते पण निर्धास्त असते. शेपटीची हलकी आणि हातात गोड बसते, फक्त तिची मूठ आतून लाहाने चिकटवलेली असते. लाहा म्हणजे लाख-राळेचं मिश्रण. ते उन्हात मऊ होतं, म्हणून मे महिन्यात गाडीच्या डिकीत कुकरी ठेवू नका. शिंगाची मूठ दिसायला देखणी असते, पण देशावरच्या कोरड्या उन्हाळ्यात तडकते. तुम्हाला शिसवीची बरी.

लांबीवरून लोक फार फसतात. पर्यटकाला मोठी हवी असते, म्हणून त्याला मोठी विकतात. आमच्या टोळीतल्या पोरांच्या कुकऱ्या पाहिल्या तर पातं दहा-अकरा इंच, वजन ५०० ते ६०० ग्रॅम, पाठीची जाडी मुठीजवळ सात-आठ मिलिमीटर आणि पुढे निमुळती. पाऊण किलोची ‘युद्धातली’ कुकरी पहिली वीस मिनिटं मजा देते. दुपारी तीन वाजता मनगट सुजतं आणि घाव चुकायला लागतो. तुमची उंची, मनगट, कामाचे तास यांवर हे थोडं इकडेतिकडे होईल. पण दोन मापांत घुटमळत असाल तर लहान घ्या.

प्रकारांची नावं बरीच आहेत आणि दुकानदार ती मंत्रासारखी म्हणतात. तुमच्यासाठी दोनच पुरेत. सिरुपाते ही सिरू गवताच्या पात्यासारखी बारीक आणि लांबट, हलकं झुडूप आणि कोवळ्या फांद्यांसाठी. भोजपुरे पोटाला रुंद, लाकूड आणि बांबूसाठी. चाँदीच्या नक्षीच्या म्यानाची कोथिमोरा ही भेट द्यायची वस्तू, तिला रानात नेऊ नका.

आता वापर. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण चुकीची कुकरी घेतली तर पैसे जातात, चुकीची वापरली तर बोट जातं.

पहिली गोष्ट म्यानातून काढणं. म्यान, तिकडचं ‘दाप’, म्हणजे आत लाकडाच्या दोन फळ्या आणि वर म्हशीचं कातडं. पातं वाकडं असल्यामुळे काढताना धार आतल्या फळ्यांच्या सांध्यावर घासत येते आणि वर्षा-दोन वर्षांत तो सांधा कापते. मी डाव्या मुठीत दाप गच्च धरून, चारी बोटं धारेच्या बाजूला वळवून, ऐटीत कुकरी ओढली. ती सांध्यातून थेट तळव्यात उतरली. स्वास्थ्य चौकीवर तीन टाके पडले. टाके पडल्यावर आमच्या टोळीतल्या सगळ्यात लहान पोराने शांतपणे दाखवलं: दाप पाठीच्या बाजूने धरायचा, अंगठा एकीकडे, बोटं दुसरीकडे, धारेखाली एकही बोट नाही, आणि पातं पाठीवर टेकवत बाहेर काढायचं. ‘आधी का नाही सांगितलंस?’ विचारलं तर म्हणाला, ‘सरले सोध्नुभएन.’ सरांनी विचारलंच नाही.

दुसरं, घाव. कुकरी कुऱ्हाडीसारखी खांद्यातून हाणायची नसते. पात्याचं वजन पुढे आहे, ते पडू द्यायचं. पकड वर जाताना सैल, आणि लागायच्या क्षणी मागची दोन बोटं आवळायची. मुठीच्या मधोमध जी कडी असते ती याचसाठी, बोटांच्या बेचक्यात बसते आणि हात घसरत नाही. घाव फांदीला काटकोनात नाही, तिरपा. एक उजवीकडून तिरपा, एक डावीकडून तिरपा, मधला ढलपा उडतो. घाव चुकला तर पातं कुठे जाईल हे आधी बघायचं. तिथे तुमची नडगी असता कामा नये. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक जखमा नडगीच्या नाहीतर फांदी धरलेल्या डाव्या हाताच्या होत्या.

निगालो किंवा बांबू तोडताना आणखी एक सांगतो, हे कोकणातही उपयोगी पडेल. तिरप्या घावाने बांबू झटकन तुटतो, पण मागे राहतो तो भाला. आमच्यातला एक जण उतारावर घसरून अशाच खुंटावर बसला. हसू नका, महिनाभर तो पालथा झोपत होता. तेव्हापासून नियम केला: तिरपं तोडा, पण जमिनीलगत, आणि मग खुंटाचं टोक आडव्या घावाने सपाट करूनच पुढे सरका.

म्यानाच्या मागे दोन पिल्लं असतात. धार असलेलं ते कर्द, आपल्या छोट्या सुरीसारखं. बिनधारेचं ते चकमक, जे बहुतेकांना नुसती शोभा वाटते. त्याने धार लावत नाहीत, वळलेली धार सरळ करतात, खाटीक पोलादी दांडीवर सुरी घासतो तसं. आमची पोरं चहाच्या सुट्टीत हेच करत बसायची. खरी धार महिन्या-दोन महिन्यांनी, दगडावर पाणी घालून, आणि कुकरीची धार फुगीर असते ती फुगीरच ठेवायची. चामड्याच्या तुकड्यावर पॉलिशपेपर ठेवून ओढलं तरी छान होतं. फक्त बाजारातल्या ग्राइंडरवाल्याकडे देऊ नका. ठिणग्या उडताना धारेवर निळी छटा आली की किटलीने दिलेलं पाणी उतरलं समजा, आणि ते परत चढवायला पुन्हा आरनच लागतं.

मुठीजवळच्या त्या खाचेबद्दल सगळे विचारतात, तिला काउडी म्हणतात. गाईचा खूर, शिवाचा त्रिशूळ, रक्त मुठीपर्यंत ओघळू नये म्हणून, असं काय काय ऐकायला मिळतं. मला रोजच्या वापरात तिचा एकच उपयोग जाणवला: धार लावताना दगड तिथे थांबतो, मुठीवर चढत नाही. आणि कुकरी म्यानातून काढली की रक्त लागल्याशिवाय परत ठेवत नाहीत ही गोष्ट ज्याने रचली, त्याने नेपाळी स्वयंपाकघर पाहिलं नसावं. कुकरीने सरपण फुटतं, अचानोवर, म्हणजे खाटकाच्या ओंडक्यासारख्या लाकडी ठोकळ्यावर, बकऱ्याचं मटण तुटतं. भाजी मात्र चुलेसीवर चिरतात. ती हुबेहूब आपली विळी, पायाने दाबून धरायची. मला पहिल्यांदा ती दिसली तेव्हा घरची आठवण आली होती.

आता दापोलीचं. हे ऐकून तुम्ही नाराज व्हाल, पण नारळ-सुपारीच्या बागेत कोयत्याला कुकरी हरवू शकत नाही. झावळी ओढायला, वेल अडकवून कापायला, नारळ टोचून उचलायला टोक आत वळलेलं लागतं, आणि कुकरीचं टोक तसं नसतं. शिवाय कोयता कमरेच्या आकडीला अडकवून माडावर चढता येतं. कुकरी चांगली कुठे? मनगटाएवढ्या फांद्या, करवंदीच्या जाळ्या, बांबू, सरपण, कुंपणाचे खुंट टोकदार करणं इथे. गवताला दोन्ही नकोत. खुद्द नेपाळातही गवत हँसियाने कापतात आणि मोठं झाड बन्चरोने, म्हणजे कुऱ्हाडीने. कुकरी मधल्या कामांची आहे. तुमच्या दोन एकरांत अशी कामं असतील तर जरूर आणा. नुसतं गवत आणि झावळ्या असतील तर गावातल्या लोहाराकडून कोयता करून घ्या आणि कुकरी हौसेसाठी ठेवा.

कोकणातल्या पावसात ती टिकवायची तर एकच पथ्य: जून ते ऑक्टोबर म्यानात ठेवायची नाही. कातडं ओल धरतं आणि आठवडाभरात पात्याला तांबेरा चढतो. पातं पुसून मशीनचं तेल लावून वेगळं ठेवा, दाप वेगळा टांगा. नेपाळात मोहरीचं तेल लावतात, पण ते पुढे चिकट होऊन बसतं.

संग्रहाचं थोडक्यात, कारण तिथे माझं ज्ञान अकरा कुकऱ्यांएवढंच आहे. मराठी माणसाला यात एक फुकटचा फायदा आहे: जुन्या नेपाळी पात्यांच्या पाठीवरच्या खुणा देवनागरीत असतात. परदेशी संग्राहक ज्या अक्षरांसाठी भिंग घेऊन बसतात ती आपण वाचतो. २००३ च्या सुमारास काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला, म्हणजे शस्त्रागारातला, जुना शस्त्रसाठा परदेशी व्यापाऱ्यांनी विकत घेतला. त्यातून एकोणिसाव्या शतकातल्या सैन्याच्या लांब पात्याच्या कुकऱ्या जगभर गेल्या, आणि त्यांच्या पाठीवर अशी अक्षरं सापडतात. (सिलेखाना हा शब्दही आपल्याला पेशव्यांच्या कागदांतून ओळखीचा.) पण आकड्यांशी जपून. धनकुट्याला एका निवृत्त सैनिकाच्या घरी मला मुठीच्या पितळेवर १९७४ कोरलेली कुकरी दाखवली. मी मनात म्हटलं, फार जुनी नाही. ते विक्रम संवत होतं. त्यातून ५७ वजा करा, म्हणजे १९१७, पहिलं महायुद्ध. आपल्या शकात ७८ मिळवतात, तसं इथे करू नका. उलट ब्रिटिश-भारतीय सैन्यासाठी बनवलेल्या, इंग्रजी आकड्यांत १९१७ किंवा १९४३ असा शिक्का असलेल्या कुकऱ्यांवरचं साल इसवीचंच. ती कुकरी मी विकत मागितली नाही. त्यांच्याकडे दसैंला, म्हणजे तिकडच्या दसऱ्याला, तिच्यावर अक्षता-टिका लागतो, जसा आपल्याकडे खंडेनवमीला कोयत्या-विळ्यावर हळदकुंकू. अशी वस्तू मागायची नसते. त्यांनी आपणहून दिली तर गोष्ट निराळी.

जुनी मिळालीच तर पॉलिश करू नका. काळपट थर हेच तिचं वय आहे, तो घासला की निम्मी किंमत आणि सगळा इतिहास गेला. आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू नेपाळबाहेर न्यायला तिथल्या पुरातत्त्व विभागाची परवानगी लागते. दुकानदार ‘चालतं हो’ म्हणाला तरी चालत नाही.

खरेदी कुठून, याचं उत्तर तुमच्या दिवसांवर आहे. चार दिवस जास्तीचे असतील तर पूर्वेकडे जा. धरानच्या बाजारात चांगला माल मिळतो, आणि तुमलिङटारला उतरून अरुण ओलांडली की भोजपूरच्या वाटेवर कामींची आरनं आहेत. थेट कारागिराकडून घेण्यात माझा एक हट्टही आहे. कामी समाजाला नेपाळात पिढ्यान् पिढ्या शिवाशिव सोसावी लागली, आणि वर्षाचं काम बाली घरे पद्धतीने, म्हणजे सुगीला मिळेल त्या धान्यावर. आपलं बलुतंच. ज्यांच्या पात्यावर गोरख्यांचं नाव झालं, त्यांचं नाव दुकानाच्या पाटीवर नसतं. तिथे घासाघीस करू नका. दिवस नसतील तर काठमांडूत घ्या, पण रस्त्यावरच्या मूर्ती-माळांच्या दुकानातून नाही, जो फक्त कुकऱ्याच विकतो त्याच्याकडून.

आणायचं कसं? विमानात फक्त चेक-इन सामानात, धारेवर जाड पुठ्ठा बांधून, पावती सोबत. केबिनमध्ये अजिबात नाही. भारतातला नियम असा: २०१६ च्या शस्त्र नियमांत धारदार शस्त्रांच्या यादीत कुकरीचं नाव घेऊन उल्लेख आहे. पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असेल, आणि ते घरगुती वा शेतीच्या कामासाठी घडवलेलं नसेल, तर ते त्यात मोडतं. परवाना सगळीकडे लागत नाही, सरकारने अधिसूचित केलेल्या भागांत लागतो, म्हणून आपल्या पोलीस ठाण्यात एकदा विचारून घ्या. त्याशिवाय आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली सणासुदीला, निवडणुकीला शस्त्र बाळगून फिरण्यावर मनाई हुकूम निघत असतात. त्यामुळे बागेत वापरा, घरी ठेवा, पण कमरेला लावून राजमाचीला जाऊ नका. किल्ल्यावर तोडण्यासारखं काही नसतं आणि असलं तरी तोडायचं नसतं. ट्रेकला कर्दाएवढी सुरी भरपूर झाली.

आणि ती तीनधारी कानससुद्धा जाताना चेक-इनमध्येच टाका. माझी विमानतळावर काढून घेतली होती, आणि ठमेलमध्ये नवी कानस शोधण्यात अख्खी दुपार गेली.